मॅचच्या रात्री बिअर: कढईत किती, पातेल्यात किती

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: फोंड्याला तुमच्या घरी फुटबॉलची मॅच बघायला पंधरा-सोळा माणसं जमणार. त्यात तीन-चार शाकाहारी, काही मुलं, आणि दारूला अजिबात न शिवणारे एक-दोघं. तुम्हाला सगळ्या पदार्थांत बिअर घालायची हौस आहे, पण मागच्या खेपेला चिकन कडू झालं आणि मंडळींनी पावच खाल्ला. तेव्हा बिअर कोणती घ्यावी, कशात घालावी, आणि 'शिजलं की दारू उडून जाते' हे कितपत खरं, असे तुमचे प्रश्न.

मी आधी हॉटेलच्या किचनमध्ये होतो, आता घरगुती ऑर्डरी घेतो. मॅचच्या रात्रीच्या ऑर्डरी गोव्यात कधी कमी पडत नाहीत, त्यामुळे हे काम हातातलं आहे. पहिलीच गोष्ट सांगतो, ती पटली तर बाकीचं सोपं आहे: सगळ्या पदार्थांत बिअर घालू नका. एका रात्री दोन, फार तर तीन पदार्थ. ती पाण्याऐवजी ओतायची वस्तू नाही. हिंगासारखी हात राखून घालायची.

आता कडूपणा. बिअरला कडवट चव येते ती हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. बिअर तयार करताना ही फुलं उकळतात, तेव्हा त्यांतल्या आम्लांचं रूप बदलून ती कडू होतात. ही कडू द्रव्यं वाफेबरोबर जात नाहीत. तुम्ही चिकनमध्ये एक मोठी बाटली ओतली असणार आणि रस दाट होईपर्यंत आटवत बसला असणार. पाणी गेलं, अल्कोहोल बरंचसं गेलं, कडू मात्र सगळं पातेल्यातच राहिलं. साडेसहाशे मिली आटून दोनशेवर आली की कडवटपणा तिपटीहून जास्त गडद होतो. मग त्यात टोमॅटो घाला, मिरची घाला, काही उपयोग होत नाही. उलट टोमॅटोचा आंबटपणा कडूला आणखी टोक आणतो.

म्हणून बिअरच्या स्वयंपाकाच्या दोनच वाटा आहेत. एक, झटपट: तिसऱ्या (शिंपले), सुंगटं (कोळंबी), भज्यांचं पीठ. इथे बिअरला आटायला वेळच मिळत नाही. दुसरी, निवांत: डुकराचं मांस, चोरिस (गोव्याचं मसालेदार पोर्क सॉसेज). इथे चरबी, मीठ आणि थोडा गूळ कडूला दाबून धरतात. मीठ कडू चव दबवतं, हे कारल्याच्या भाजीवरून घरोघरी माहीत असतंच. मधली वाट, म्हणजे पाऊण तास शिजणारं, चरबी नसलेलं, टोमॅटोचं ब्रॉयलर चिकन, ही बिअरसाठी सगळ्यात वाईट. तुमचं नेमकं तेच झालं.

बाटली घेताना लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा बघा. आपल्याकडे माइल्ड म्हणून मिळते ती पाच टक्क्यांपर्यंतची, स्ट्राँग आठपर्यंतची. स्वयंपाकाला माइल्ड लागर (नेहमीची फिकट, हलकी बिअर) घ्या, किंग्स किंवा त्या जातीची कुठलीही. स्ट्राँगमध्ये एक गोडसर, घशाला लागणारा भपका असतो. तो शिजल्यावर जात नाही, उलट स्पष्ट होतो. आयपीए जातीची बिअर पातेल्यात अजिबात नको, कारण तिच्यात हॉप्स मुद्दाम भरपूर घातलेले असतात. आपल्याच गोव्यात बनणारी एट फिंगर एडी ही अशी आयपीए. ती ग्लासात घ्या, गॅसजवळ आणू नका. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर मिळाली तर तिसऱ्यांसाठी ती लागरपेक्षाही बरी. तिच्यात संत्र्याची साल आणि धणे असतात, हॉप्स बेताचे. काळी स्टाउट फक्त पोर्कसाठी.

आणखी एक. बाटल्या गाडीत किंवा व्हरांड्यात उन्हात ठेवू नका. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं फुटतात आणि गंधकाचा एक उग्र दर्प तयार होतो. तपकिरी काचेत हे हळू होतं, हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत पटकन. पिताना हा वास कदाचित थंडपणात लपेल, गरम तिसऱ्यांत लपत नाही.

आता दारू उडते का, त्याबद्दल. पूर्ण उडत नाही. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला, हे खरं. पण दोन्ही मिसळलेली असतात तेव्हा अल्कोहोल एकटं उठून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा याबाबतचा तक्ता प्रसिद्ध आहे: मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवल्यावर घातलेल्यापैकी सुमारे 40 टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासाने 35, एका तासाने 25, दोन तासांनी 10 आणि अडीच तासांनी 5 टक्के. पसरट, उघड्या भांड्यात जास्त जातं. अरुंद, झाकलेल्यात कमी.

हे तुमच्या पातेल्यावर लावून बघा. पाच टक्क्यांच्या 650 मिली बाटलीत साधारण 26 ग्रॅम अल्कोहोल असतं. ती सगळी दोन तास शिजणाऱ्या पोर्कमध्ये गेली तर शेवटी अडीच ग्रॅमच्या आसपास उरेल, आणि ते पंधरा जणांत वाटलं जाईल. नशेच्या दृष्टीने हे काहीच नाही. तिसऱ्यांचं उलट आहे. तिथे बिअर कमी, पण शिजायचा वेळ पाच मिनिटं, म्हणजे निम्म्याहून जास्त अल्कोहोल रश्शात राहू शकतं.

पण प्रश्न नशेचा नाहीच. जो माणूस धर्मामुळे, औषधामुळे, गरोदरपणामुळे किंवा सोडलेल्या सवयीमुळे दारू टाळतो, त्याला 'अगदी थोडी आहे हो' हे उत्तर चालत नाही, आणि चालावं अशी आपण अपेक्षाही धरू नये. त्या लोकांसाठी आणि मुलांसाठी वेगळं करा आणि वाढताना तोंडाने सांगा. चिठ्ठ्या लावल्या तरी पेनल्टीच्या वेळी चिठ्ठी कोणी वाचत नाही. बिअरमध्ये जवाचं सत्त्व असतं. गहू-जव चालत नाही असं कोणी असेल तर त्यालाही सांगायला हवं.

आता पदार्थ.

तिसऱ्यांपासून सुरू करतो, कारण बिअर खरोखर कुठे शोभत असेल तर इथे. बाजारात तिसऱ्या वाट्यावर मिळतात, पण पंधरा जणांना चाखायला साधारण तीन किलो धरा. आणल्यावर मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा म्हणजे वाळू सोडतील. मग चोळून धुवा. उघड्या राहिलेल्या तिसरीवर टिचकी मारा. मिटली नाही तर ती टाका. सगळ्या एकाच टोपात कोंबू नका. खालच्या रबर होतात आणि वरच्या उघडतही नाहीत. दोन पसरट पातेली घ्या.

एका पातेल्यात दीड किलोसाठी: दोन मोठे चमचे तेल, दोन बारीक चिरलेले कांदे, दहा-बारा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, बोटभर आलं, चार हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. कांदा फक्त पारदर्शक होऊ द्या, लाल नको. चिमूटभर हळद. मग आच पूर्ण मोठी करा, तिसऱ्या घाला आणि वरून दीडशे मिली बिअर, जास्त नाही. तिसऱ्या स्वतःचं पाणी सोडतात, आणि ते समुद्राच्या चवीचं पाणी हाच खरा रस्सा आहे. लगेच झाकण ठेवा. पहिलं मिनिट फेस वर येईल, झाकण उचलेल, घाबरू नका. मग फेस बसतो आणि आतून शिंपल्यांचा टक-टक असा आवाज यायला लागतो. तो आवाज आला की पातेलं दोन्ही हातांनी धरून एकदा हलवा. चार ते पाच मिनिटांत बहुतेक उघडतात. त्याच क्षणी गॅस बंद. न उघडलेल्या काढून टाका. मूठभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर वरून पसरा आणि चव बघूनच मीठ घाला, बहुधा लागत नाही.

खोबरं वरून पसरा म्हणालो, वाटून नाही. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात, म्हणजे शागुतीत किंवा सुक्यात, बिअर घातली की दोन कडवट गोष्टी एकत्र येतात आणि मसाला जळल्यासारखी चव लागते. कोकमाच्या आमटीतही नको. विंदालूत तर शिरकं (व्हिनेगर) आहे, तिथे बिअरने काय भर घालायची? आपल्या गोव्याच्या स्वयंपाकाला मादक पदार्थाचं वावडं कधीच नव्हतं. सान्नां (इडलीसारखा तांदळाचा पदार्थ) माडाच्या सुरेवरच, म्हणजे माडीवरच, फुगतात, शिरकंही त्याच सुरेचं. पण त्यात सुरेला ठरलेलं काम आहे. बिअरला ते काम देता येत नाही. तिला तिची जागा वेगळी शोधावी लागते.

दुसरी जागा म्हणजे तळणीचं पीठ. मॅचच्या दिवशी हेच सगळ्यात जास्त खपतं. यामागचं कारण समजून घेतलं तर मापाचा बाऊ वाटणार नाही. बिअरमधला गॅस गरम तेलात पसरतो आणि पिठाला जाळी पडते. अल्कोहोल पाण्याच्या आधी निघून जातं, त्यामुळे कवच लवकर कोरडं होतं आणि आतला मासा जास्त शिजायच्या आत कढईबाहेर येतो. शिवाय अल्कोहोलमुळे मैद्याला चिवटपणा कमी येतो. आणि जवाच्या सत्त्वामुळे रंग छान सोनेरी धरतो.

माप: 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम तांदळाचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, मीठ, मिरपूड, हवी असल्यास थोडी काश्मिरी मिरची. हे सगळं कोरडं मिसळून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळीच करून ठेवलं तरी चालतं. बिअर मात्र तळायच्या क्षणी, बर्फासारखी गार, नुकती उघडलेली, 350 ते 400 मिली, हळूहळू घालत. काट्याने आठ-दहा फेरे मारा आणि थांबा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. घोटत बसलात की गॅसही जातो आणि मैदाही चिवट होतो. बोट बुडवून वर काढलं की पीठ बोटाला पातळ थराने धरलं पाहिजे आणि टोकाशी एक थेंब रेंगाळून पडला पाहिजे. भराभर ओघळलं तर पातळ झालं, चमचाभर पीठ टाका. खायचा सोडा घालू नका. बिअर आंबट असते, सोड्याशी तिची झटापट होते, आणि जास्त पडला तर रंग काळपट आणि चव साबणासारखी. हे पीठ वीस मिनिटांत संपवा. उरलं तर ते आता साधं पीठ आहे, बिअरचं नाही.

मासा कोणता? चणक असेल तर उत्तम, लेपो चालेल, सुंगटं तर कोणीही खातं. माणक्यांच्या (स्क्विडच्या) चकत्या दीड-दोन मिनिटांत काढायच्या, नाहीतर चघळत बसाल. बांगडा या पिठात नको. तो तेलकट मासा आहे, कवच आतून ओलं होतं. बांगड्याला रेशाद मसाला भरा आणि तव्यावर भाजा, त्याला बिअरची गरज नाही. तुकडे पुसून अगदी कोरडे करा, आधी सुक्या तांदळाच्या पिठात घोळवा, मग ओल्या पिठात. हा मधला कोरडा थर नसला की कवच तळताना सुटून येतं आणि ताटात मासा एकीकडे, टोपी एकीकडे.

तेल 175 ते 180 अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तो थोडा खाली जाऊन लगेच वर आला आणि भोवती बुडबुडे धरले की झालं. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, पडल्या पडल्या लाल झाला तर फार तापलं आहे. एका घाण्यात सात-आठ तुकडेच. काढून जाळीवर ठेवा, वर्तमानपत्रावर नको. कागदावर खालून वाफ धरते आणि शाई लागते ती वेगळीच. आपल्या दमट हवेत कुरकुरीतपणा दहा मिनिटं टिकला तरी पुष्कळ, म्हणून हा पदार्थ आधी तळून ठेवायचा नाही.

शाकाहारींसाठी हेच पीठ कांद्याच्या जाड चकत्यांना, बटण मशरूमला, लांब चिरलेल्या ढब्बू मिरचीला चालतं. वेगळी कढई आणि वेगळं तेल, हे सांगायला नकोच. बेसनाचं करायचं असेल तर 200 ग्रॅम बेसन, 50 ग्रॅम तांदळाचं पीठ, ओवा, हिंग, मीठ आणि दोनशे मिलीच्या आसपास बिअर. बेसनात मैद्यासारखा चिवटपणा मुळातच नसतो. त्यामुळे बिअरचा फायदा गॅसपुरता, चव बेसनाचीच पुढे येते. मला विचाराल तर बेसनात सोडावॉटर घाला आणि तीच भजी शाकाहारी, मुलं आणि दारू न घेणारे अशा सगळ्यांना वाढा. मैद्याच्या पिठालाही सोडावॉटर चालतं, फक्त रंग थोडा फिका येतो. बिनअल्कोहोलची बिअर मिळते, पण तिच्यात बहुधा गोडवा जास्त असतो, कवच पटकन लाल होतं. वापरलीत तर आच जरा कमी ठेवा. आणि पावसाळ्यात रानातली अळमी (मशरूम) हाताला लागलीच तर कृपा करून त्यांवर बिअर ओतू नका. ती कांदा, मीठ आणि खोबऱ्यातच शोभतात.

नीरफणसाचे काप रव्यात घोळवून तव्यावर करा. त्यात काहीच घालू नका. सगळ्यांना आवडतात, आणि तुमच्या शाकाहारी पाहुण्यांना आपल्यासाठी कायतरी खास केलंय असं वाटतं.

आता चोरिस. मॅच म्हटल्यावर चोरिस-पाव हवाच, आणि इथे बिअर मनापासून चालते, कारण चोरिसात मीठ, शिरकं, मिरची आणि चरबी सगळं ठासून भरलेलं असतं. कडवटपणाला उभं राहायला जागाच नसते. अर्धा किलो चोरिसांत वीसेक पाव सहज भरतात. दोरा कापा, वरचं आवरण सोलून काढा. कोरड्या पातेल्यात, तेल न घालता, मंद आचेवर ठेवा म्हणजे चरबी आपसूक सुटेल. त्यातच पाच-सहा मोठे कांदे जाड चिरून आणि चार बटाटे चौकोनी तुकडे करून परता. मग दोनशे मिली लागर आणि तेवढंच पाणी. झाकण अर्धवट ठेवून पंचवीस-तीस मिनिटं. चोरिस कच्च्या मांसाचा असतो, तेव्हा तो नीट शिजलाच पाहिजे, फक्त गरम करून भागत नाही. मीठ घालू नका. शेवटी रस्सा पावात झिरपेल इतकाच ओला राहायला हवा. बटाट्यांनी बिअर शोषून घेतलेली असते, आणि मंडळी चोरिसांपेक्षा बटाटेच आधी उचलतात.

फुटबॉलचा विश्वचषक 2014 आणि 2018 मध्ये जून-जुलैत होता. म्हणजे ऐन मासेमारी बंदीत, 1 जून ते 31 जुलै. 2022 चा कतारमधला नोव्हेंबर-डिसेंबरात झाला तो अपवाद. पावसाळ्यात मॅच आली की माशांच्या मागे धावू नका. आपल्या आज्या पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, चोरिसांच्या माळा टांगून ठेवत त्या याच दिवसांसाठी. पुरुमेंताची माळ आणि दोन बाटल्या, झाला बेत.

पोर्क स्टाउटमध्ये करायचं असेल तर ते आदल्या दिवशीच करून ठेवा. चरबीसकट खांद्याचं मांस, दीड किलो, मोठे तुकडे. थोडे थोडे करून सगळ्या बाजूंनी लाल भाजा आणि बाजूला काढा. त्याच भांड्यात चार कांदे तांबूस करा, आलं-लसूण, दालचिनी, लवंग, मिरी. मांस परत घालून 330 मिली स्टाउट आणि 400 मिली पाणी. माडाचा काळा गूळ मोठा चमचाभर. हा गूळ विसरायचा नाही, स्टाउटच्या कडू-करपट चवीला तोच आवर घालतो. अगदी मंद आचेवर दोन तास. शेवटी माडाचं शिरकं एक चमचा. दुसऱ्या दिवशी वर साठलेली जास्तीची चरबी काढून गरम करा. कुकरमध्ये करायचं असेल तर बिअर घातल्यावर आधी झाकण न लावता सात-आठ मिनिटं उकळू द्या. ताज्या बिअरचा फेस शिट्टीच्या नळीत गेला तर ती तुंबू शकते. शिवाय बंद कुकरमध्ये अल्कोहोलही कमीच बाहेर पडतं.

कोळशावर भाजणार असाल तर काळ्या बिअरमध्ये मांस मुरवायला एक चांगलं कारण आहे. पोर्तुगालच्या पोर्तु विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये डुकराचं मांस चार तास बिअरमध्ये मुरवून कोळशावर भाजून पाहिलं. काळ्या बिअरमध्ये मुरवलेल्या मांसात, भाजताना तयार होणाऱ्या काही घातक संयुगांचं प्रमाण न मुरवलेल्या मांसाच्या तुलनेत निम्म्याहून जास्त घटलं. पण बिअरने मांस मऊ होतं हा समज फारसा खरा नाही. ते काम शिरक्याचं किंवा पपईचं. मुरवण्यासाठी दोन ते चार तास पुरे, सुंगटांना वीस मिनिटं. मुरवलेली बिअर रश्शात ओतायची तर ती खळखळून उकळली पाहिजे, नाहीतर फेकून द्या.

अमेरिकेत मॅचच्या दिवशी चीज आणि बिअरचं डिप करतात, मुलांना सोडून बाकी सगळ्यांना ते आवडतं. तिकडच्या कृतींत चेडर असतं, ते आपल्याकडे महाग आणि फाटायची भीती. प्रोसेस्ड चीजचे क्यूब घ्या. त्यात चीज एकजीव ठेवणारे क्षार आधीच असतात, ते फाटत नाही. एक चमचा लोणी, एक चमचा मैदा, मिनिटभर परतून 120 मिली लागर, उकळी आली की आच अगदी कमी करून 200 ग्रॅम किसलेलं चीज, वर मिरपूड. पोईचे (गोव्याच्या गव्हाच्या पावाचे) तुकडे कडक भाजून बरोबर ठेवा. बिअर घालून ब्रेड भाजायच्या कृतीही तुमच्या वाचनात येतील. पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ दारात भोंगा वाजवत असताना तो उद्योग कशाला?

बिअरच्या कॅनवर अख्खी कोंबडी उभी करून भाजायचं सोडून द्या. फोटो चांगला येतो, बाकी काही नाही. कॅनमधली बिअर नीट तापेपर्यंत बाहेरचं मांस सुकतं, पोटातून कोंबडी धड शिजत नाही, आणि कॅनला बाहेरून रंग, आतून प्लास्टिकचा लेप असतो. तो तापवून त्यावर जेवण शिजवणं मला पटत नाही.

अळसांदे किंवा राजमा घालून फेजोआद (कडधान्य आणि पोर्कचा रस्सा) करणार असाल तर कडधान्य आधी साध्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा आणि मगच बिअर घाला. बिअरच्या आंबटपणामुळे कच्चे दाणे तासन्‌तास टणक राहतात.

वेळेचं गणित असं बसवा. पोर्क आदल्या दिवशी. चोरिस मॅचच्या तासभर आधी, झाकून ठेवा, पावात लोक स्वतः भरून घेतील. तिसऱ्या धुऊन, कांदा-लसूण परतून तयार. पाहुणे बसल्यावर, मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी बिअर ओता म्हणजे पहिल्या शिट्टीला पातेलं टेबलावर. तळण मध्यंतरात. चाळिसाव्या मिनिटाला कढई तापत ठेवा, पंचेचाळिसाव्याला पिठात बिअर घाला. पंधरा मिनिटांत एका कढईत चार-पाच घाणे निघतात, म्हणजे तीस-पस्तीस तुकडे. जास्त हवे असतील तर दुसरी कढई आणि दुसरा माणूस. जादा वेळ, पेनल्टी वगैरे झालं तर चोरिस-पाव आहेतच. क्रिकेट असेल तर मध्यंतर लांब मिळतं, पण विकेट कधी पडेल याचा नेम नाही, त्यामुळे तळणाऱ्याला पडदा दिसेल अशी शेगडी मांडा. आणि तळणाऱ्याने तोवर ग्लास हातात घेऊ नये. गरम तेल आणि चौथी बिअर यांचं पटत नाही.

गाडी चालवून परत जाणाऱ्यांचं आधीच ठरवून घ्या. रक्ताच्या 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ती पोर्कच्या रश्शाने नाही, हातातल्या ग्लासाने ओलांडली जाते. आपल्याकडे पिण्याचं वयही 21 आहे. कॉलेजातले पुतणे-भाचे येणार असतील तर तेही लक्षात असू द्या.

खरेदी: तिसऱ्यांना 300 मिली, तळणाच्या पिठाला 400, चोरिसांना 200, डिपला 120. सगळं केलंत तरी स्वयंपाकाला माइल्डच्या दोन मोठ्या बाटल्यांत भागतं, पोर्क केलंत तर स्टाउटचा एक पाइंट (330 मिलीची छोटी बाटली) वर. तळणाच्या पिठासाठीची बाटली वेगळी काढून फ्रिजच्या तळाशी लपवा, नाहीतर पहिल्या गोललाच ती जाते. उघडी राहून गॅस गेलेली बिअर पिठाला निरुपयोगी असते, पण चोरिसांना आणि पोर्कला ती तितकीच चालते. तेव्हा आदल्या रात्रीची अर्धी बाटली उरली असेल तर ओतून देऊ नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा.